सेराफिनचा कायदेशीर मालक

मी मांजराचा मालक झालो तो केवळ माझ्या स्मरणशक्तीमुळे. माणसं विसरभोळेपणापायी गोत्यात येतात, मी पाठांतरापायी आलो. माझी बायको मिर्ता म्हणते की ह्यात स्मरणशक्तीचा काही संबंध नाही, कोणी काही विचारलं की लगेच तोंड उघडायची तुला खोडच आहे. मिर्ताचं मत मी इथे केवळ निःपक्षपातीपणा म्हणून नोंदवतो आहे.

सुरुवात केली ती सुनिल्दाबाईंनी. आमच्या दारावरून कांपाना टेकडीचा मोठा जिना थेट बंदरापर्यंत उतरतो, आणि जिन्याच्या पलीकडे पिवळ्या पत्र्याच्या घरात त्या एकट्या राहतात. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हिमेना चिलीच्या उत्तरेला कालामा शहरात असते, जावई तिथल्या तांब्याच्या खाणीत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या हिवाळ्यात सुनिल्दाबाई पावसात जिन्यावर घसरल्या, गुडघा सुजला, आणि तेव्हापासून दर रविवारी हिमेनाचा फोन येतो की घर विक आणि इकडे ये. फोन झाला की बाई आमच्याकडे येऊन बसतात.

"कालामाला आहे काय?" त्या विचारतात. "नुसतं वाळवंट. समुद्र नाही, पाऊस नाही, जिना नाही. माणसाने चालायचं कशावर?"

"सपाट जमिनीवर," मी एकदा म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस त्या फक्त मिर्ताशी बोलत होत्या.

हिमेना पोरगी हुशार आणि मायाळू, म्हणजे नाही म्हणायला सगळ्यात अवघड. आईने डॉक्टरचं कारण काढलं, तिने घराजवळचा डॉक्टर शोधला. आईने चर्चचं कारण काढलं, तर चर्च समोरच्या गल्लीत निघालं. शिलाईचं मशीन न्यायला ट्रक ठरला. शेवटी बाईंच्या हातात एकच हुकमाचं पान उरलं, ते म्हणजे सेराफिन. "मी गेले तर तो उपाशी मरेल," असं त्यांनी फोनवर सांगितलं. सेराफिनचं पोट ज्याने पाहिलं आहे त्याला हे पटणं कठीण, पण हिमेनाने वाद घातला नाही. ती म्हणाली, मग त्यालाही आण.

सेराफिन म्हणजे एक केशरी बोका. तो कोणाचाच नव्हता. आमच्या टेकडीवर मांजर हे कोणाच्या मालकीचं नसतंच, ते जिन्याचं असतं, जसा वारा जिन्याचा असतो. दिवसभर तो एकेका उंबऱ्यावर हजेरी लावी आणि संध्याकाळी सुनिल्दाबाईंच्या खिडकीत येऊन बसे. शिवाय आमच्या पत्र्यावर त्याचं गायन चाले. मिर्ताच्या मते त्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा बरा होता.

तर त्या आठवड्यात मांजरांच्या संस्थेची गाडी टेकडीखालच्या चौकात येणार होती. त्या गाडीत डॉक्टर असते, टेबल असतं, आणि रस्त्यावरच्या मांजरांचं ऑपरेशन फुकट होतं. सुनिल्दाबाई आल्या आणि खुर्चीच्या काठावर बसल्या.

"ओयार्सून," त्या म्हणाल्या, "माझा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. सेराफिनला तेवढं खाली नेऊन त्याचं ते करून आणा ना."

"काय ते?"

"ते हो. मांजरांचं करतात ते."

"आत्ताच कशाला?"

"बरेच दिवस मनात होतं," त्या म्हणाल्या आणि छताकडे पाहू लागल्या.

माझा उभा जन्म बंदराच्या कचेरीत गेला. येणाऱ्या बोटींची कागदपत्रं तपासायची, मालक कोण, माल कुणाचा, निघाली कुठून. मालकाचा पत्ता नसलेलं साधं होडकं मी धक्क्याला लागू दिलं नाही. अशा माणसाला एक बोका जिना उतरवून आणणं ते काय. मी हो म्हणालो. मिर्ता स्वयंपाकघरातून हसली, ते तेव्हा मला ऐकू आलं नाही.

संस्थेची अट एकच होती: आदल्या संध्याकाळपासून मांजराच्या पोटात काही जाता कामा नये. मी घरोघर सूचना द्यायला निघालो. पहिलं दार बेकरीवाल्या ओर्तेन्सियाचं.

"सेराफिनला आज काही घालू नका," मी सांगितलं.

"कोण सेराफिन?"

"तो केशरी बोका."

"आमचा बिस्कोचो होय? छे, मी कुठे त्याला काही घालते. सकाळी बोटभर लोणी, दुपारी पावाचा मऊ गर, संध्याकाळी हॅम उरलंच तर हॅम. ह्याला काय घालणं म्हणायचं, शेजारी?"

मासळीवाला निबाल्दो म्हणाला की आपण मांजरांना उभंच करत नाही, आणि हे सांगताना त्याच्या दुकानामागे सेराफिनची म्हणून एक बशी ठेवलेली मला दिसली. तिच्यावर रंगाने 'गोल्फो' लिहिलं होतं, म्हणजे बोक्याचं इथलं नाव. सगळ्यात वरच्या घरातले गुमेर्सिंदो बोटीवरचे निवृत्त आचारी. ते बोक्याला कॅप्टन म्हणत आणि स्वतः हाताखालच्या माणसासारखे वागत.

"उपाशी ठेवणार?" ते म्हणाले. "रात्रभर? ओयार्सून, आमच्या बोटीवर बंड ह्याच कारणाने व्हायचं."

"डॉक्टरांचा हुकूम आहे."

"डॉक्टर जमिनीवरचे. बरं, टॉवेलात गुंडाळून न्या त्याला. आणि त्याच्याशी खालच्या आवाजात बोला. हुद्द्याला शोभेल असं."

मी बोक्याला आमच्या न्हाणीघरात कोंडलं. खिडकी बोटभर उघडी ठेवली, हवा यावी म्हणून. सकाळी तो टॉवेलात गुंडाळून, खालच्या आवाजात बोलत, मी चौकात नेला. गाडीतल्या डॉक्टर यास्ना कमी बोलणाऱ्या. त्यांनी बोक्याचं तोंड उघडलं आणि नाक जवळ नेलं.

"ह्याने सार्डिन खाल्लंय."

"अशक्य," मी म्हणालो. "माझ्या ताब्यात होता."

"टोमॅटोच्या रसातलं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मांजराला बोलावलं. भरल्या पोटी भूल देत नाहीत. गाडी आता पुढच्या महिन्यात येणार होती.

"फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटचं जेवण देतात," गुमेर्सिंदो मला नंतर म्हणाले. न्हाणीघराच्या खिडकीपर्यंत त्यांना शिडी आणावी लागली होती, तिचे कष्टही त्यांनी मलाच ऐकवले.

पुढच्या महिन्यात सेराफिन शहाणा झाला होता. टॉवेल दिसला की तो छपरावर जाई. संस्थेने मला पिंजरा दिला. आत मासा ठेवायचा, मांजर आत शिरलं की मागचं दार पडतं. पिंजऱ्यात आधी ओर्तेन्सियाची कोंबडी सापडली, मग पाद्रीबाबांचा कुत्रा सापडला, आणि तिसऱ्यांदा दार नीट पडतं का हे पाहताना माझा हात सापडला. सेराफिन भिंतीवर बसून हे सगळं मन लावून बघत होता. मिर्ताही बघत होती. "म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तुला भूल द्यायची झाली तर आज तू उपाशी आहेस ना?"

शेवटी सुनिल्दाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "चल रे, उशीर होतोय." बोका उतरला आणि मिर्ताच्या भाजीच्या ढकलगाडीत जाऊन बसला. वरून कापड बांधलं, शंका नको म्हणून दोन कांद्याच्या पाती बाहेर काढून ठेवल्या, आणि मी जिना उतरायला लागलो. पायरीपायरीला ढकलगाडी आदळत होती आणि आतून कांद्याच्या पाती मला शिव्या देत होत्या. वाटेत बंदराच्या कचेरीतले माझे जुने साहेब भेटले. त्यांनी टोपी काढून नमस्कार केला, गाडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता टोपी परत घातली. त्यांनी काही विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्या स्मरणशक्तीची गोष्ट. आमच्या चिलीत माणसाला नाव असतं ते घरच्यांसाठी, बाकी सगळीकडे रूत असतो. रूत म्हणजे ओळखीचा नंबर. औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागितली की विचारतात, रूत? चपला घेताना रूत, पार्सल घेताना रूत, बँकेत तर श्वास घेण्याआधी रूत. लहानपणापासून इतका घोटलेला असतो की कोणी नुसतं "रू" म्हटलं तरी आमच्या तोंडून आकडे सुटतात. त्यातून माझ्या रूताच्या शेवटी आकडा नाही, 'का' हे अक्षर आहे. फार थोड्यांच्या वाट्याला ते येतं. आयुष्यभर मी ते 'का' छाती काढून म्हणत आलो, पण कोणी रूत विचारला की मी तो कशाला सांगतो, हा 'का' मला कधी पडला नाही.

गाडीजवळ टेबल टाकून एक मुलगी बसली होती. तिच्या कानांत पडद्याच्या दांडीला असतात तेवढी कडी होती.

"घरचं की रस्त्याचं?" तिने विचारलं.

"रस्त्याचं. म्हणजे जिन्याचं."

"नाव?"

"सेराफिन."

"रूत?"

आणि मी साठ लाखांपासून सुरू करून थेट शेवटच्या रेघेपलीकडच्या 'का'पर्यंत घडाघडा म्हणून मोकळा झालो. उच्चार स्पष्ट, मध्ये कुठे अडखळणं नाही. मुलगीसुद्धा "वा" म्हणाली.

दुपारी बाकावर बसलो होतो, तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा झाला, "सेराफिन ओयार्सून."

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे वळली. आमचं आडनाव जुनं आहे. आजोबांनी ते ह्या बंदरात आणलं आणि आजवर त्याला बट्टा लागलेला नाही.

"मी फक्त आणून सोडणारा आहे," मी मुलीला म्हणालो. "माझं नाव त्यात कशाला?"

"चिप बसवलीये ना मानेत. चिपला मालक लागतो. रिकामी जागा मशीन घेत नाही."

"मग तुम्ही मला विचारायचं."

"विचारलं की. तुम्हीच सांगितलात." ती निरागसपणे म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर करता येतं, काका. त्याने फक्त हो म्हणायचं आणि रूत सांगायचा."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. टेकडीवर सेराफिनवर जीव टाकणारी घरं थोडी का होती.

जिन्यावर स्वागताला सगळे जमले होते. मी ढकलगाडीचं कापड सोडलं. गळ्याभोवती प्लास्टिकची शंकूसारखी पट्टी घातलेला बोका बाहेर आला, आणि कोणीतरी किंचाळलं. त्याच्या डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं.

"कान कुठाय?" गुमेर्सिंदोंनी विचारलं.

"ती खूण असते," मी समजावलं. "ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक भुलीतच काढतात. म्हणजे पुन्हा कोणी त्याला धरून नेत नाही. जगभर करतात."

"धडधाकट मांजर दिलं होतं तुमच्या हातात," ओर्तेन्सिया म्हणाली.

"ते दुसरं काढलं त्याबद्दल मी काही म्हणत नाही," गुमेर्सिंदो म्हणाले, "ते दिसत नाही. पण कॅप्टनच्या टोपीला धक्का लावायचा नव्हता."

सुनिल्दाबाईंनी मात्र त्या कानावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "पुन्हा धरून नेत नाहीत म्हणालात ना?" मी हो म्हणालो. "मग छान झालं," त्या म्हणाल्या.

जखम भरेपर्यंत त्याला घरात ठेवायचं होतं, आणि मालक म्हणून ते घर अर्थात माझं. गळ्यातल्या त्या शंकूमुळे तो दाराच्या चौकटींवर आदळत हिंडे. माझ्या आरामखुर्चीवर तो बसे आणि मी स्टुलावर. पण खरा त्रास सुरू झाला तो त्याला परत जिन्यावर सोडल्यावर.

त्याचं असं आहे की सेराफिन आजवर काही संत नव्हता. मासे पळवायचा, कुंड्या पाडायचा, वाळत घातलेल्या चादरींवर झोपायचा. पण बिनमालकाचं मांजर, तक्रार करायची कोणाकडे? लोक दोन शिव्या घालून गप्प बसत. आता तक्रारीला दार मिळालं. निबाल्दो एक मोठा मासा गेल्याचं सांगत आला. पाद्रीबाबा वेदीवरचं कापड घेऊन आले. ओर्तेन्सिया कणकेची परात घेऊन आली, तिच्यात मध्यभागी एक गोल खड्डा पडला होता.

"तुमचं मांजर माझ्या कणकेत बसलं होतं."

"अहो, परवापर्यंत तो तुमचा बिस्कोचो होता."

"लाड करताना बिस्कोचो," ओर्तेन्सिया म्हणाली. "कणकेत बसला की ओयार्सून."

त्यात संस्थेकडून माझ्या फोनवर निरोप यायला लागले. मिर्ता ते मोठ्याने वाचून दाखवी. 'प्रिय ओयार्सून कुटुंब, सेराफिनच्या लसीची वेळ झाली आहे.' 'सेराफिनचं वजन वाढत असेल तर त्याच्याशी खेळा.' आमचा धाकटा मुलगा सान्तियागोला असतो. त्याला ह्यातला एक निरोप मिर्ताने पाठवला, तर त्याचं उत्तर आलं की लहान भावाला माझा आशीर्वाद सांगा.

मग मी ठरवलं की हे मांजर कोणाच्या तरी नावावर करायचंच. फोन हातात घेऊन मी पुन्हा दारोदार निघालो. तुमचा विश्वास बसणार नाही, पण जी माणसं खोकल्याच्या औषधासाठी झोपेतसुद्धा रूत म्हणतील, त्यांच्यापैकी एकाला तो आठवेना. निबाल्दो म्हणाला, शेवटी चार आहे की सात हे बायकोला ठाऊक, आणि बायको माहेरी गेलीय. ओर्तेन्सियाच्या हाताला पीठ होतं. पिठाचा आणि पाठांतराचा संबंध मी विचारला, तर ती म्हणाली की हात धुतल्याशिवाय मला काही आठवत नाही. गुमेर्सिंदोंनी डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं, आणि खूप वेळाने म्हणाले, "ओयार्सून, समुद्राने माझं सगळं नेलं."

उरल्या सुनिल्दाबाई. बोका तर संध्याकाळी त्यांच्याच खिडकीत असायचा.

"मी घेतलाच असता हो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या ओळखपत्राची मुदत संपलीय. नवं करायला खाली जावं लागतं आणि हा गुडघा. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात त्यांचा गुडघा जास्त दुखायचा. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांना पाहुणे असायचे. मी चिडलो. मिर्ताला म्हणालो की बाईंना मांजर हवं ते मांडीवर, कागदावर नको. सगळे तक्रारींना भितात, आणि त्यांच्यासाठी मी ढकलगाडी घेऊन साहेबांसमोर शोभा करून घेतली. मिर्ता कांदा चिरत राहिली. ती अशी कांदा चिरत राहिली की मी जास्त चिडतो.

अशात हिमेना कालामाहून आली. एका संध्याकाळी सुनिल्दाबाईंनी आम्हा दोघांना चहापावाला बोलावलं. भाजलेला पाव, त्यावर लावायला मीठ घालून कुस्करलेली पाल्ता म्हणजे अवोकाडो, घरचा मुरंबा, सगळं साग्रसंगीत मांडलं होतं. सेराफिन खिडकीत होता. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच हिमेनाने माझा हात धरला.

"काका, तुमची सुटका करायला आलेय मी."

"कशातून, पोरी?"

"ह्याच्यातून." तिने बोक्याकडे बोट केलं. "सगळा जिना मला सांगतोय, काका दारोदार हिंडतायत, कोणी मांजर नावावर करून घेत नाही. मी घेते. उद्या सकाळी आम्ही तिघं निघतो, आई, मी आणि सेराफिन." तिने खुर्चीमागून एक निळी पिशवी काढली. जाळीची खिडकी असलेली, विमानात पायाशी ठेवायची. "आईचं एवढंच अडलं होतं. दर रविवारी तेच. म्हणे, मांजर माझं नाही, ओयार्सूनांच्या नावावर आहे, दुसऱ्याचं मांजर कसं आणू, आणि त्याला टाकून कशी येऊ. मी म्हटलं, त्यात काय, काकांनाच विचारते. हा बघा फोन, सगळं भरून ठेवलंय. रूत सांगा."

इतके दिवस मी ज्या माणसाची वाट पाहत होतो ते माझ्यासमोर बसलं होतं. मी तोंड उघडलं. "साठ लाख..." एवढं बाहेरही पडलं.

तेवढ्यात माझी नजर सुनिल्दाबाईंकडे गेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पावाला लोणी लावत होत्या. एका बाजूला लावून झालं, त्यांनी पाव उलटला आणि दुसऱ्या बाजूलाही लावायला घेतलं. त्यांच्या मागे भिंतीवर नवऱ्याची टोपी जागच्या जागी होती, कपाटातल्या बशा जागच्या जागी होत्या. उद्या सकाळी निघणाऱ्या बाईंच्या घरात एक चमचासुद्धा बांधलेला नव्हता. आणि मग मला एकेक गोष्ट उमगत गेली. ते संपलेलं ओळखपत्र, तो गरजेप्रमाणे दुखणारा गुडघा, "मग छान झालं". तक्रारींना बाई भीत नव्हत्या. मांजर त्यांच्या नावावर झालं असतं तर त्यांच्याजवळचं शेवटचं कारण गेलं असतं. माझ्या नावाआड त्या इतके दिवस उभ्या होत्या, आणि मी ते नाव पुसून टाकायला घरोघर फिरत होतो. मला माझीच शरम वाटली.

"साठ लाख, पुढे?" हिमेना म्हणाली.

"पुढे काही नाही," मी म्हणालो. "मांजर माझं आहे. मी देणार नाही."

हिमेना हसली. मी हसलो नाही, तेव्हा ती थांबली.

"काका, तुम्ही तर..."

"तेव्हा नको होतं. आता लळा लागलाय. माझ्याशिवाय तो जेवत नाही." खिडकीत सेराफिन सुनिल्दाबाईंनी ठेवलेल्या बशीतलं हॅम खात होता. मी तिकडे पाठ केली.

"खरंय गं," मिर्ता म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही. "त्याच्या उशाशी झोपतो बोका. मलासुद्धा जागा नसते. रात्री त्याच्याशी गप्पा मारतो हा म्हातारा. मी म्हटलं, जाऊ दे, ह्या वयात कशावर तरी जीव जडला."

एवढं तिखटमीठ लावायची गरज नव्हती, पण मी मान हलवली. बंदराच्या कचेरीत एक खोटा कागद पुढे सरकू न देणारा मी माणूस, एका पोरीसमोर बोक्याच्या प्रेमात पडलेला म्हातारा म्हणून बसून राहिलो.

"एक मांजर, काका," हिमेना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ओला झाला. "माझी आई जिन्यावरून पडली होती. मला तिकडे रात्र रात्र झोप लागत नाही. आणि तुम्ही एका मांजरासाठी अडवून धरताय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. "हो," मी म्हणालो. "एका मांजरासाठी."

"मी सांगून पाहिलं होतं ह्यांना," सुनिल्दाबाई म्हणाल्या. "हट्टी आहेत फार." आणि त्यांनी तो दोन्ही बाजूंनी लोणी लावलेला पाव माझ्या बशीत ठेवला.

हिमेना बराच वेळ आईकडे पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली, "मग तो जिवंत आहे तोवर थांबू म्हणतेस. किती वर्षांचा आहे तो?"

"कोवळाच आहे," बाई म्हणाल्या. "आणि ते केलेली मांजरं खूप जगतात म्हणे. मारामाऱ्या नाहीत, हिंडणं नाही. वीस-वीस वर्षं जगतात. हो ना, ओयार्सून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना तसं?"

डॉक्टरीणबाई माझ्याशी सार्डिनखेरीज काहीही बोलल्या नव्हत्या. "म्हणाल्या," मी म्हणालो, आणि पाव तोंडात घातला, म्हणजे आणखी काही विचारता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमेना निघाली. मी मुद्दामच दाराआड होतो, पण तिने दार वाजवलं. रिकामी निळी पिशवी तिच्या खांद्याला होती. मी म्हणालो की कालचं मनात ठेवू नकोस.

"काका," ती म्हणाली, "आईचं ओळखपत्र संपलेलं नाही. गेल्या वर्षी मीच तिला नेऊन नवं करून दिलंय."

मी जिन्याकडे पाहत राहिलो.

"गुडघ्याची गोळी जेवल्यावर असते, ती टाळते. पायऱ्या ओल्या असल्या की तिला खाली उतरू द्यायचं नाही, तिने काहीही कारण सांगितलं तरी. सकाळचा पाव तुम्ही आणून द्यायचा. मी रविवारी तिला फोन करीन, आणि मग तुम्हाला करीन, तिने काय काय लपवलं ते विचारायला."

"मला कशाला?"

"मांजर तुमच्या नावावर आहे ना?" हिमेना म्हणाली. "मग आईही तुमच्याच नावावर. तुम्ही आम्हा सगळ्यांसमोर कबूल केलंय." तिने माझ्या गालाला गाल लावला, आणि डोळे पुसत जिना उतरून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. समोरची खिडकी उघडली.

"गेली का ती?" सुनिल्दाबाईंनी विचारलं.

"गेली."

"रडत होती?"

"थोडीशी."

बाईंनी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मग ते खाली सोडून नीट केलं.

"पाव आणायला जाताय ना?" त्या म्हणाल्या. "करपलेला नको. आणि सावकाश उतरा, पायऱ्या ओल्या आहेत."